गव्हाणीवरचं कुलूप

“कुलूप बरोबर लावलं होतं ना त्यानं? मग दादा गेला कसा?”

अण्णांनी तळहातावर तंबाखू घेतली. साखर कारखान्यात नव्या माणसांना जीव सांभाळून काम कसं करायचं ते शिकवणं, हे त्यांचं काम. दौलत त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. आता दौलतचा धाकटा भाऊ गैबी पहार घेऊन त्यांच्यासमोर उभा होता.

गैबीच्या मागे गव्हाणीच्या स्विचची पेटी. पेटीला दौलतचं लाल कुलूप, कुलपाला पाटी: माणूस आत आहे. चालू करू नये.

गव्हाणीत, म्हणजे ऊस ओढणाऱ्या पट्ट्याखाली, ग्रीस भरायला उतरण्याआधी दौलतने ते लावलं होतं. काम संपवून तो वर आला. ग्रीसच्या हाताने कुलूप कशाला धरा, म्हणून आधी नळावर गेला. हात धुवायला वाकला, आणि छातीत कळ येऊन तिथेच पडला.

किल्ली खिशात राहिली होती. ती आता गैबीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला होती.

उद्या गव्हाणीत हंगामातली पहिली उसाची मोळी पडायची होती.

“साहेब म्हणतात, कुलूप कापा,” अण्णा म्हणाले.

“कापू दे. हात जागेवर राहायचे नाहीत.”

“माझेपण?”

अण्णांनी दौलतला खांदा दिला होता.

“तुमचे सोडून,” गैबी म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “तुम्हीच शिकवलंत त्याला. घरी नियम पाठ करत बसायचा. मी हसायचो. म्हणायचो, दादा, जेवताना ताटालापण कुलूप लाव. सगळं केलं त्यानं. एक गोष्ट चुकली नाही. मग?”

अण्णांनी तंबाखूला चुना लावला.

“सांगा की.”

अण्णांनी तंबाखू मळता मळता विचारलं,

“कुलूप कुणी काढायचं?”

“ज्यानं लावलं त्यानं.”

“तो कुठाय?”

“आत. लिहिलंय की.”

गैबीला वाचायला फारसं येत नव्हतं. ही पाटी मात्र त्याने बोट फिरवून फिरवून वाचली होती.

“बरं,” अण्णा म्हणाले. “मग बघून ये. माणूस आत असताना काढ म्हणून मी तरी कसं सांगू?”

म्हातारा थट्टा करतोय की काय, गैबीला कळेना. तोंडावर तर थट्टा दिसत नव्हती. पहार टाकून तो शिडीकडे धावला.

“ए शहाण्या. तुझं कुलूप?”

अण्णांनी खिशातून तसंच लाल, नवं कुलूप काढलं. तीच पाटी. गैबीने ते भावाच्या कुलपाशेजारी अडकवलं, किल्ली खिशात टाकली आणि उतरला.

खाली आंबलेल्या मळीचा वास होता. पट्ट्याच्या साखळीचा सांधा न् सांधा ग्रीसने चकाकत होता. शेवटच्या सांध्यावर चार बोटं ओढल्याची खूण होती. गैबीने तिच्यावर आपली बोटं ठेवली.

“दादा…”

बऱ्याच वेळाने शिडी वाजली.

तो वर आला.

“कोण आहे आत?” अण्णांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“हाक मारलीस?”

“मारली. माझाच आवाज आला.”

अण्णांनी नुसतं कुलपाकडे पाहिलं. गैबीने गळ्यातली किल्ली काढली. दौलतचं कुलूप अगदी सहज निघालं. इतकं सहज निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो ते मुठीत धरून उभा राहिला.

“पण तो गेला कसा, ते राहिलंच.”

“राहिलं.”

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही.”

“मग शिकवता काय तुम्ही?”

अण्णांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. कारखान्याचा भोंगा वाजला. दोन माणसं पट्ट्याकडे यायला लागली.

गैबीने आपल्या कुलपात किल्ली घातली. हात तिथेच थांबला.

“अण्णा… माझंच निघेना.”

“किल्ली फिरत नाही?”

“फिरंल. पण…”

अण्णांनी एक रिकामा डबा पालथा घातला आणि पेटीसमोर बैठक मारली. येणाऱ्या माणसांना त्यांनी लांबूनच हात केला, थांबा.

“राहू दे मग,” ते म्हणाले. “माणूस आत आहे.”