गोरक्षचा बंब

एका गावात एक भोळा डिझायनर होता. नाव गोरक्ष. शुभदा मॅडमच्या चार टेबलांच्या ऑफिसात तो ॲपच्या स्क्रीनची चित्रं काढायचा. गावात आगीचा बंब एकच, आणि त्याचा फोन कधी लागत नसे. त्यापायी गेल्या वर्षी कापडबाजारातली दोन दुकानं जळाली. म्हणून नगरपालिकेनं मॅडमकडे बंब बोलावण्याचं ॲप मागितलं.

गोरक्षनं झकास चित्र काढलं आणि काचेची फ्रेम करून आणलं.

"अरे, भिंतीवर टांगायचंय का हे?" मॅडम म्हणाल्या. "प्रोटोटाइप कर. लोकांना बटण दाबून बघता आलं पाहिजे. मागे काही जोडलेलं नसलं तरी चालतं. दाबल्यावर खरं वाटलं की झालं."

"बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी ऑफिसची बेल बिघडली. गोरक्षनं नवं बटण बसवलं. दाबलं की हिरवा दिवा लागायचा. आतल्या घंटेला वायर जोडलीच नव्हती. नगराध्यक्ष आले आणि वीस मिनिटं दिवा लावत उभे राहिले.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, निदान बाजूला बसून बघायचं, माणूस कुठे अडतो ते! मध्ये बोलायचं नाही, वहीत टिपायचं. चुका अशाच कळतात."

"बरं मॅडम."

त्याच आठवड्यात मॅडम बाथरूममध्ये अडकल्या. कडी निघेना. गोरक्ष बाहेर स्टूल टाकून बसला आणि टिपू लागला. 'कडी चारदा ओढली. दार बडवलं. माझं नाव घेतलं. पुढे आणखी काही शब्द, लिहिण्यासारखे नाहीत.' तासाभरानं शेजारच्या टेलरनं दार तोडलं.

"गाढवा! माणूस अडला की बघत बसतात का? पुढे होऊन त्याचं काम उरकून टाकायचं!"

"बरं मॅडम."

सोमवारी नगराध्यक्षांपुढे प्रोटोटाइप ठेवला. साहेब चष्मा शोधू लागले. अडले! गोरक्षनं पुढे होऊन भराभर सगळी बटणं दाबली. 'बंब निघाला.' 'बंब पोचला.' 'आग विझली.' साहेबांनी चष्मा लावला तोवर सगळं आटोपलं होतं.

"वा! इतकी झटपट आग आपल्या गावात कधी विझली नव्हती. मंजूर!"

पेढे आले. खरं ॲप बनायला सहा महिने लागतील, असं मॅडम म्हणाल्या, पण तोंडात पेढा होता, कोणाला ऐकू गेलं नाही. गोरक्षवर मात्र त्या बेहद्द खूश. "आता फोनबिन डोक्यातून काढून टाक. बंब म्हटलं की ही स्क्रीनच आठवली पाहिजे!"

"बरं मॅडम."

गुरुवारी चहाच्या शेगडीनं पडदा पेटला. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, "गोरक्ष, बंब बोलाव!" असं ओरडल्या आणि बादली आणायला पळाल्या. गोरक्षनं रस्त्यावर उभं राहून स्क्रीन उघडली आणि बटणं दाबली.

नेमका बंबच तिकडून चालला होता. धूर बघून चालकानं ब्रेक मारला.

"ओ दादा, आग लागलीय ना? पाइप सोडू?"

गोरक्षनं एकदा छपराकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे.

"नको काका. आत्ताच विझली."

चालकानं वाकून स्क्रीन वाचली, मान डोलावली आणि बंब वळवून नेला. मॅडम बादली घेऊन धावत आल्या तेव्हा अर्धं ऑफिस खाली आलं होतं.

"अरे, बंब आला का?"

"आला होता मॅडम. पण आपलं ॲप इतकं भारी, की त्याची गरजच पडली नाही."