हातभर खोल पेरलेलं बी

राजा मेघराजाने दवंडी पिटवली आणि अख्ख्या राज्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“ऐका हो ऐका! भाद्रपदी पौर्णिमेला महाराजांचा वाढदिवस! त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत घराघरातलं ज्वारीचं बी मातीखाली गेलं पाहिजे! दिवाळीच्या पाडव्याला ज्याच्या रानात हिरवं पीक दिसणार नाही, त्याचं रान सरकारजमा होईल हो!”

झालं होतं असं, की गेल्या वर्षी नेमका वाढदिवसालाच पाऊस कोसळला होता आणि पीक झकास आलं होतं. “हा महाराजांच्या जन्मघटकेचाच प्रताप!” असं कारभारी म्हणाले. महाराजांना ते पटलं. असली गोष्ट पटायला वेळ लागतो कुठे?

यंदा मात्र उत्तरा नक्षत्र कोरडंच निघालं होतं. रानात ढेकळं अशी, की नांगराचा फाळ आपटला की ठिणगी उडावी. तांबवाडीचा येसबा डोक्याला हात लावून बसला.

“पेरलं तर बी मुंग्यांच्या पोटात जातंय, नाही पेरलं तर रान महाराजांच्या! करावं काय पोरी?”

त्याची लेक हौसा बी पाखडत होती. ती म्हणाली, “आबा, दवंडी नीट ऐकलीत ना? बी मातीखाली गेलं पाहिजे. घालू की मातीखाली!”

पौर्णिमेला सगळा गाव पाभर घेऊन धुरळ्यात पेरत होता. हौसाने बांधाजवळ खड्डा खणला, बियाणाचं मडकं शेण-मातीने तोंड लिंपून त्यात ठेवलं आणि वर माती लोटली. शेजाऱ्यांनाही तिने हळूच सुचवलं होतं, पण महाराजांची थट्टा अंगाशी येईल म्हणून कुणी धजावलं नाही.

सांजेला सरकारी प्यादा आला.

“गेलं का बी मातीखाली?”

“गेलं की! हातभर खोल!”

“एवढं खोल? लोक तर चार बोटं पेरतात.”

“लोकांचं जाऊ द्या. महाराजांचा मान मोठा!”

प्याद्याने खूश होऊन तिचं नाव लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आभाळाने चार शिंतोडे टाकले. तेवढ्याने भुलून गावोगावचं बी उगवलं आणि आठवड्यात करपून गेलं. मग हस्त लागला आणि असा बरसला, की ओढे दुथडी भरून वाहिले. पण आता पेरायला बी होतं कुणाकडे? पाणी मुरून रानाला वाफसा येताच हौसाने मडकं उकरून काढलं आणि बापलेकींनी पेरणी उरकली.

पाडव्याला महाराजांची स्वारी निघाली. कोसच्या कोस उघडी रानं! महाराजांचा पारा चढत गेला. तांबवाडीच्या शिवेत मात्र एकच रान गुडघाभर हिरवंगार डुलत होतं.

“बघा महाराज!” बांधावरच्या हौसाकडे बोट दाखवत कारभारी ओरडले. “हिने वाढदिवशी पेरलं, तिचं उगवलं. बाकीचे सगळे लबाड!”

“करा त्यांची रानं जमा!” महाराज गरजले. “आणि या मुलीला सोन्याचं कडं द्या!”

कडं हौसाच्या हातात आलं. आबांनी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बस! पण बांधावर सगळा गाव मान खाली घालून उभा होता. तिने कडं परत पुढे केलं.

“महाराज, लबाड ते नाहीत. लबाड मी आहे.” आणि तिने मडक्याची हकीकत सांगून टाकली.

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. महाराज लालबुंद झाले. “माझी आज्ञा मोडलीस?”

“मोडली कुठे? बी मातीखाली जावं, असं फर्मान होतं. ते गेलं. मडक्यात असू नये असं कुठे होतं? आज्ञा मोडली ती एकट्या पावसाने. रानं जमा करण्याआधी त्याचे ढग जमा करा!”

महाराज गोंधळले. ढग जमा करायला प्यादे पाठवावेत तरी कुठल्या वाटेने?

“पण मग माझ्या वाढदिवसाचं काय?” ते जरा नरमून म्हणाले. “पेरणी त्याच दिवशी व्हावी, अशी आमची इच्छा आहे.”

“होऊ द्या की! फक्त वाढदिवस तेवढा पुढे सरकवा.”

“वाढदिवस? पुढे?”

“त्यात तोटा काय महाराज? वाढदिवस पंधरा दिवस पुढे गेला, तर आपण पंधरा दिवस जास्त तरुण राहाल. बी पंधरा दिवस आधी गेलं, तर त्याला म्हातारपणसुद्धा दिसत नाही!”

महाराज असे खदखदून हसले, की घोडा बुजला. हसू जरा आवरल्यावर त्यांनी ते कडं स्वतःच्या हाताने तिला दिलं. “आणखी काय हवं, बोल!”

“सगळ्यांची रानं राहू द्या. आणि सरकारी कोठारातला हरभरा वाटा. जमिनीत अजून ओल आहे, हरभरा साधेल.”

“दिला! पण पुढच्या वर्षी आमचा वाढदिवस कधी, ते कोण सांगणार? कारभारी?”

हौसाने वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि गोळा महाराजांच्या हातावर ठेवला.

“रानातल्या मातीचा असा लाडू वळेल, त्या दिवशी!”