वसुकेतूचे मधुकोठार

त्रेतायुगात, विंध्याच्या दक्षिण उतारावरील नित्यपुष्पित अरण्यालगत वसुकेतू नामक राजा राज्य करीत होता. धर्मशील, दानशूर, सारे काही तो होता. परंतु दुष्काळाच्या भयाने त्याची झोप उडाली होती. पोळ्यातला मधाचा भाग तेवढा कापावा, अंड्यापिल्लांचा भाग राखावा, हा त्या अरण्याचा पूर्वापार आचार. राजाने तो मोडला. "प्रजेच्या उद्याची बेगमी," असे सांगून त्याने अखंड पोळी पिळविली, कोठारे काठोकाठ भरविली आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर तो बेहद्द खूश झाला.

मधमाश्या अरण्य सोडून गेल्या. पुढल्या वर्षी आंबा मोहरला, पण धरला नाही. तीळ फुलोऱ्यातच वाळला. प्रजा उपाशी, आणि कोठारात मधच मध!

अशा वेळी तपोनिधी दर्भनाभ मुनी दीर्घ उपोषण संपवून राजद्वारी आले.

"राजन्, पारण्यापुरती चार फळे दे."

वसुकेतूने खाली पाहिले. "भगवन्, राज्यात फळ नाही. मध मात्र हवा तितका आहे," असे म्हणत त्याने सुवर्णपात्र पुढे केले. मुनींनी ते नाकाशी नेले आणि तसेच खाली ठेवले.

"हा आंबला आहे, राजन्. यात पिल्लेही पिळली गेली आहेत."

भर सभेत राजाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दारी आलेला अतिथी उपाशी, आणि तोही आपल्याच शहाणपणापायी! मुनींनी शापोदक हाती घेताच तो त्यांच्या पायांवर कोसळला.

"शाप मला द्या, प्रजेला नको! माझी विनवणी एवढीच, की हे तोंड पुन्हा कोणाला दाखवावे लागू नये. मला फार लाज वाटते, भगवन्!"

मुनींचा क्रोध ओसरला, पण हाती घेतलेले शापोदक व्यर्थ जाणार नव्हते.

"तथास्तु. तू अस्वल होशील. मधाचा मोह सुटणार नाही आणि मान वर होणार नाही. माश्या परततील, तुझी प्रजा जगेल. पण यापुढे त्या माणसाच्या हाताशी न राहता उंच कड्यांवर पोळी बांधतील."

तसेच झाले. आजही पोळे फोडताना माश्या उठल्या की अस्वल दोन्ही पंजांनी तोंड झाकते. दंशाला भिऊन, असे लोक समजतात. दोर लावून कडा उतरणारा मध काढणारा मात्र त्याला हसत नाही. पिल्लांचा भाग तसाच ठेवून तो मुकाट वर चढतो.