पहारेकऱ्याचे कापलेले कान

गोष्टबिष्ट मला जमत नाही, चौथीत शाळा सुटली माझी. पण सूनबाई पिच्छाच सोडेना. सांगतो, मध्ये बोलायचं नाही.

एका माणसाच्या अंगात एक गाव होतं. मधून रक्ताची नदी, काठाला पहारेकरी. पहारेकरी म्हणजे पेशी. त्यांना डोळे नाहीत, अंगभर प्रथिनांचे बारीक बारीक कान. कुठे जंतू शिरला की तिथून हाकेचे थेंब नदीत सुटायचे. थेंब कानाला लागला की पहारेकरी धावलाच.

एकदा घशात जंतू घुसले. चार दिवस नुसत्या हाका. जंतू मेले तरी हाका थांबेनात. धाकट्या पहारेकऱ्याचा जीव मेटाकुटीला आला. बसला की उठायचा, उठला की उगाच पळायचा.

शेजारचा थोरला म्हणाला, "अरे, थोडा वेळ कान आत ओढून घे. झिजलेले आत विरतील, धड असतील ते पुन्हा बाहेर काढ."

"तुझं बरंय दादा, तू निम्मा बहिरा."

"निम्मा बहिरा, पण तुझ्याआधी पोचतो."

हे धाकट्याला झोंबलं. त्यानं कातरी घेतली, सगळे कान मुळापासून कापले आणि दिले नदीत सोडून. लई गार वाटलं त्याला.

तिसऱ्या दिवशी माणसाच्या टाचेत काटा मोडला. काट्यासोबत जंतू. टाचेतून हाका सुटल्या. पण नदीत ते कान तरंगत होते. कापले तरी कानच ते, थेंब आला की धरायचे. धरून सांगणार कुणाला? मागे पहारेकरीच नाही. तसेच वाहत गेले.

थोरल्याला एकच थेंब लागला, तोही उशिरा. तो धावला तेव्हा टाच पुवानं भरली होती. माणूस जगला, पण लंगडाच राहिला.

नवे कान फुटल्यावर धाकटा म्हणाला, "मला हाक आलीच नाही."

"तुला नाही आली ते जाऊ दे. माझी कुणी खाल्ली?"

 

तात्पर्य: ऐकून दमलात तर कान आत घ्या, कापू नका. तुटका कान स्वतः हाक पोचवत नाही आणि दुसऱ्यालाही ऐकू देत नाही.

आमच्या वाडीच्या टाकीला तडा गेलाय हे मी एकाला तीनदा सांगितलं. तीनदा "हो हो" म्हणाला, पुढे कुणाला बोलला नाही. टाकी फुटली, आणि लोक मलाच म्हणाले, बोलला का नाहीस. त्याची माफी अजून यायची आहे. त्याचं नाव महिपत लोखंडे.