दौलूचा वीर आणि कराळीची पत्रिका

एका गावात एक भोळा पेंटर होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण मीही तिथलाच आहे आणि मला अजून तिथंच राहायचंय. पेंटरचं नाव दौलू. लग्नघराच्या भिंतीवर भालदार-चोपदार रंगवावेत तर दौलूनंच. दाराच्या एका बाजूला भालदार, दुसऱ्या बाजूला चोपदार, वर गणपती. भालदाराच्या मिशा अशा की वऱ्हाडातली लहान पोरं रडायची.

सांगितलेलं काम दौलू चोख करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. तिथंच सगळी गोची होती.

आईबाप लहानपणीच गेलेले. मावशीनं वाढवलं. तिशी आली तरी लग्न जमेना. दौलूच्या मनात मात्र एकजण होती, शेजारच्या वाडीतली वैजू. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात दौलू दारावर गणपती काढत होता, तेव्हा वैजूनं त्याची शिडी धरली होती. चांगली पाऊण तास धरली होती. तेव्हापासून दौलूचे सगळे गणपती जरा हसरे यायला लागले.

त्याच सुमारास हेडमास्तरांची केतकी पुण्याहून गावात परत आली. गुळाच्या गोदामावरची खोली घेतली, दोन कॉम्प्युटर मांडले आणि म्हणाली, मी इथं बसून गेम बनवणार. कसला गेम? तर खेळणाऱ्यानं एका वीराचं सोंग घ्यायचं, जादूच्या मुलखात हिंडायचं, राक्षसांशी लढायचं आणि लढून लढून शहाणं व्हायचं. गाव म्हणालं, मारामारी करून माणूस शहाणा होतो होय? केतकी म्हणाली, गेममध्ये होतो.

वीर कसा दिसावा आणि कसा वागावा, हे ठरवायचं काम तिनं दौलूला दिलं. त्याचे भालदार तिला फार आवडायचे. तिनं त्याच्यापुढं जाडजूड कादंबऱ्यांचा ढीग ठेवला. जादूगार, ड्रॅगन, शापित राजपुत्र, सगळं त्यात होतं.

"हे वाच आणि यातल्यासारखा वीर तयार कर."

दौलूनं दीड महिना वाचलं. जी कादंबरी उघडावी तिच्यातला वीर पोरका. दौलूला वाटलं, म्हणजे निम्मं काम माझं घरीच झालंय की. मग त्यानं वीर काढला. नाव रणझुंजार. बळ शंभरपैकी शंभर, अक्कल शंभर, रूप शंभर, मिशा शंभर.

केतकीनं कपाळाला हात लावला. "अरे दौलू, असा वीर कुणाला आवडेल? त्याच्यात उणिवा नकोत का? पहिल्याच भेटीत उणिवा दिसल्या की माणसाला माया वाटते."

"बरं ताई. आता लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं.

पुढच्याच रविवारी मावशी त्याला वैजूच्या घरी घेऊन गेली. रीतसर बघायचा कार्यक्रम. पोह्यांच्या बशा फिरल्या. वैजूचे वडील, त्यांना सगळे बापू म्हणत, त्यांनी विचारलं, "काय पावणं, बरं हाय नव्हं?"

दौलू उठून उभा राहिला. "बरं आहे. पण मला बेडकाची भीती वाटते."

"आं?"

"आणि मी घोरतो. लिहिताना माझी जीभ बाहेर येते. गेल्या साली दूध डेअरीची पाटी रंगवली आणि उलटी ठोकली. जेवायला बसलो की सहा भाकरी लागतात."

एवढं बोलून तो खाली बसला आणि लोकांना माया कधी वाटते ते बघू लागला. आतून कुणीतरी खुदकन हसलं. बाकी कुणी नाही.

परतताना मावशीनं वाटभर त्याला झापलं. "अरं खुळ्या, पावण्यांत गेल्यावर मान खाली घालून गप बसायचं! इचारलं तेवढंच बोलायचं. कशाला हात लावायचा न्हाई!"

"बरं मावशी. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो गोदामावर गेला आणि त्यानं वीर सुधारला. आठ दिवसांनी केतकी गेम खेळून बघायला बसली. रणझुंजार जादूच्या मुलखात शिरला, पहिल्याच घरात जाऊन सतरंजीवर बसला आणि त्यानं मान खाली घातली. केतकीनं सगळी बटणं दाबली. वीर हलेना. खिडकीतून ड्रॅगन आला. त्यानं छप्पर जाळलं, सतरंजी जाळली. रणझुंजार मान खाली घालून बसला होता, कारण ड्रॅगननं त्याला काहीच विचारलं नव्हतं.

"दौलू! अरे, हा वीर आहे की पाटावरचा नवरदेव? वीर कुणाच्याही घरात बेधडक शिरतो. दिसेल त्याला विचारतो, तुमच्यावर काही संकट आहे का? मडकी फोडतो, पेट्या उघडतो, सापडेल ते पिशवीत टाकतो. लाजतो कसला!"

"बरं ताई. आता लक्षात ठेवतो."

इकडे वाडीत नवल घडलं होतं. बापू तर म्हणत होते, असला जावई नको. पण वैजूच अडून बसली. "आजवर चार जण बघून गेले. एकानं तरी स्वतःची एक उणीव सांगितली का? आणि चौघांच्याही होत्या." बापूंचा नाइलाज झाला. त्यांनी दौलूला पुन्हा बोलावलं.

दौलू आला तो सरळ माजघरात. चुलीपुढच्या आजीला म्हणाला, "तुमच्यावर काही संकट आहे का?" आजीनं गुडघे दाखवले. मग तो गोठ्यात गेला आणि म्हशीला तेच विचारलं. मग परत येऊन त्यानं पाण्याचा माठ फोडला, ट्रंक उघडली आणि अडकित्ता, दोन वाट्या आणि बापूंचा चष्मा पिशवीत टाकला. शेवटी बापूंच्या पुढं येऊन उभा राहिला.

"तुमच्यावर काही संकट आहे का?"

"हाय की," बापू म्हणाले. "आत्ताच दारातनं आत आलंय."

मावशीनं पिशवी उलटी करून एकेक जिन्नस परत दिला. बापूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शेवटचं सांगितलं. "जत्रंत त्या हेडमास्तरांच्या पोरीचा खेळ पडद्यावर दावणार हायत म्हणं. त्यात ह्याचं काम बघतो. चार लोकांनी वाहवा केली तर पोरगी देतो. न्हाई तर पुन्यांदा ह्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

निघताना दारामागून वैजू हळूच म्हणाली, "नीट करा हं." सबंध वाट तो रडत आला. मावशीचंही मन विरघळलं. तिनं त्याला जवळ घेऊन समजावलं, "लेकरा, दोघांची गाठ घालायची तर अशी झोंबाझोंबी कामाची न्हाई. आदी भटजीकडं जाऊन पत्रिका बघायची. जमली तर मुहूर्त धरायचा आन अक्षता टाकून मोकळं व्हायचं."

"बरं मावशी. आता लक्षात ठेवतो."

जत्रा चार दिवसांवर आली. गेमचा फक्त शेवट राहिला होता. केतकीला पुण्याहून दोन पाहुण्यांना आणायचं होतं. गेम त्यांच्या पसंतीला उतरला तरच तो गावाबाहेर जाणार होता. चित्रं जोडायला, हलवायला दौलू आता शिकला होता. ती घाईघाईत म्हणाली, "शेवटी रणझुंजार आणि कराळी राक्षसीण समोरासमोर येतात. दोघं एकमेकांना शोभले पाहिजेत. तेवढं तू कर. गडबड करू नकोस."

दौलूनं अजिबात गडबड केली नाही. तो सरळ भटजींकडे गेला.

गावातले भटजी मोठे विद्वान. निदान ते स्वतः तसं सांगत. त्यांनी पंचांग उघडलं. "मुलगा कसा आहे?"

"पोरका आहे. ग्रहणात जन्मलाय. पण कर्तबगार."

"आणि मुलगी?"

"दोनशे वर्षांची आहे."

भटजींना दुपारी जेवण जरा जड झालं होतं. त्यांनी वीस ऐकलं की काय ऐकलं, देव जाणे. "स्वभाव?"

"तापट. सहा हात आहेत. माणसं खाते."

"सासरी गेल्यावर निवळेल," भटजी म्हणाले, आणि बोटं मोजून त्यांनी सांगून टाकलं की पत्रिका उत्तम जुळते, बत्तीस गुण, बिनघोर उरका.

जत्रेला संध्याकाळी देवळापुढं मोठा पडदा लावला. सगळं गाव बसलं. वाडीहून बापू आले, वैजू आली. पुण्याचे पाहुणे खुर्च्यांवर. खेळायला पुढं कोण येतं, असं केतकीनं विचारलं तर वैजूच उठली. तिनं बटणं हातात घेतली. रणझुंजार झाडीतून धावला, पुलावरून उडाला, बेडूक दिसल्यावर दचकला. लोक हसले, टाळ्या पडल्या. दौलू देवळाच्या खांबाला धरून उभा होता.

शेवटी काळी गुहा आली. कराळी गर्जत बाहेर आली. वैजूनं तलवारीचं बटण दाबलं.

सनई वाजली. वीर आणि राक्षसिणीच्या मध्ये अंतरपाट आला. गुहेच्या दाराशी एका बाजूला भालदार, दुसऱ्या बाजूला चोपदार. कराळीनं लाजून सहाच्या सहा हातांनी तोंड झाकलं. मग अंतरपाट सरला, हार पडले आणि पडद्यावर अक्षरं उमटली : शुभविवाह.

पहिल्यांदा बायका उठल्या. हातात जत्रेचे चुरमुरे होते, तेच त्यांनी अक्षता म्हणून पडद्यावर टाकले. पिपाण्या वाजल्या. बापूंनी चष्मा काढून डोळे पुसले. "राक्षसिणीचं सुदीक चांगलं केलं पोरानं," ते म्हणाले. "माझी वैजू सुखात राहील." तिथंच सुपारी फुटली.

पुण्याचे पाहुणे काय म्हणाले, ते केतकीनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनं दौलूला तेवढं बाजूला ओढलं. "अरे, काय केलंस हे? कराळी समोर आली की तलवार उपसायची! ओरडायचं, कराळी, सांभाळ! आणि तुटून पडायचं!"

"बरं ताई," दौलू म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

महिन्याभरात लग्न निघालं. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात तलवार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. दौलूच्याही हातात दिली. मंगलाष्टकं संपत आली, मुहूर्ताची घटका भरत आली. अंतरपाट दूर झाला. हातात हार घेऊन वैजू समोर उभी.

दौलूनं तलवार उगारली. "कराळी, सांभाळ!"

मांडवात एकच बोंब उठली. मावशी मट्कन खाली बसली. बापू चष्मा शोधायला लागले. आणि भटजी हात पसरून दोघांच्या मध्ये उडी मारून उभे राहिले. आता लपवण्यात अर्थ नाही. ते भटजी म्हणजे मीच. कराळीची पत्रिकाही मीच जुळवली होती. तलवारीचं लिंबू माझ्या नाकाला टेकलं होतं आणि माझी सगळी विद्वत्ता त्या लिंबाकडे बघत होती.

एकटी वैजू तेवढी शांत होती. माझ्या पाठीमागून तिनं दौलूला बजावलं. "अहो, लढायचं नाही! तलवार खाली ठेवा. समोर उभं आहे त्याच्या गळ्यात हार घाला!"

दौलूचा चेहरा उजळला. त्यानं तलवार खाली ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

आणि दुसऱ्या हातातला हार त्यानं माझ्या गळ्यात घातला. नेमकी तेव्हाच घटका भरली, ताशा कडाडला आणि चारशे माणसांनी आम्हां दोघांवर अक्षता टाकल्या. मुहूर्त मीच काढला होता, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. वैजूचं लग्न आम्ही अर्ध्या तासानं पुन्हा लावलं, पण गावातल्या बायका अजून मला बघून पदर तोंडाला लावतात आणि दौलू वाटेत भेटला की विचारतात, "काय रं दौलू, थोरली बरी हाय नव्हं?"