शंखाचा पांढरा, शिशाचा पांढरा

वाचकहो, आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, शब्द साधेच येतील. चुकलं तिथे मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या आणि पुढे चला.

एका राज्यात दरबाराच्या भिंतीवर अख्खं राज्य रंगवलेलं होतं. नदी होती, आमराया होत्या, ज्वारीची शेतं होती. भिंतीवर जे रंगवावं ते बाहेर उगवे आणि भिंतीवर जे विटे ते बाहेर करपे. म्हणून तिथे चित्रं काढणाऱ्याचा मान सेनापतीइतका. त्या काळी तो मान सगुणा नावाच्या चितारणीकडे होता. तिचा धाकटा भाऊ भिवजी तिच्यासाठी रंग घोटी. तिशीचा गडी, मनगटं लोखंडासारखी, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटे.

राजा चंडसेनाच्या मनात आलं की शेजारच्या राजापेक्षा आपली ज्वारी जास्त पिवळी दिसली पाहिजे. तीही दसऱ्याच्या आत.

सगुणा म्हणाली, "महाराज, पिवळ्याखाली पांढरं अस्तर लागतं. त्याला शंख भाजून, विरवून, वर्षभर मुरवावा लागतो."

राजमांत्रिक भस्मदंत हसला. "बाई, तुम्ही रंग लावता की लोणचं घालता? माझा सफेदा घ्या. शिशापासून केलाय. आज घोटा, उद्या लावा."

राजाने मान हलवली. सगुणेने जुन्या शेतावर भस्मदंताचा सफेदा लावला, त्यावर हरताळ या पिवळ्या दगडाचा रंग चढवला. शेत असं झळकलं की दरबाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. आठ दिवसांनी ते तपकिरी झालं. दहाव्या दिवशी काळं. बाहेर उभी ज्वारी कणसांसकट कोळसा झाली आणि सारा गाव बांधावर येऊन रडला.

"चितारणीने करणी केली!" भस्मदंत ओरडला. त्याने कमंडलूतलं पाणी फेकलं आणि सगुणेची साळुंकी झाली. "तीन दिवसांत शेत पिवळं झालं तर ठीक. नाहीतर मरेपर्यंत दाणे टिपशील."

भिवजीने पाखराला खांद्यावर घेतलं आणि दरबाराबाहेर येऊन खांबावर मूठ आपटली.

"खांबाने काय केलंय तुझं?" साळुंकी म्हणाली. "राग हातातच ठेव, कामाला येईल. तीन कामं आहेत. भिंत वाच. जुना पांढरा आण. नवं शेत रंगव."

"अक्का, भिंत कशी वाचायची?"

"चाकूने. डोळ्यांनी. घाई न करता."

भिवजीने काळ्या शेताच्या कडेला नखाएवढा टवका काढला. वर काळा थर, त्याखाली भस्मदंताचा पांढरा. त्याखाली राजाच्या पणजोबांच्या वेळचा पिवळा, अजून हळदीसारखा ताजा, आणि त्याखाली पणजोबांच्या वेळचा पांढरा. दोन्ही पांढरे दिसायला सारखेच. भिवजीने ते वेगवेगळे खरवडून तापल्या तव्यावर टाकले. पणजोबांचा पांढरा तव्यावर पांढराच राहिला. भस्मदंताचा पांढरा बघता बघता पिवळा पडला.

"वाचलंस?" साळुंकीने विचारलं.

"वाचलं. मान मुरगाळतो त्याची."

"आधी दुसरं काम."

दुसऱ्या दिवशी तो शंखतळ्यावर गेला. तिथली म्हातारी मगर पणजोबांच्या वेळेपासून शंखाचा मुरलेला पांढरा राखत बसली होती.

"एका खऱ्या शब्दाला एक ओंजळ," मगर म्हणाली. "कोणावर रागावलायस?"

"भस्मदंतावर."

"आणखी कोणावर?"

"राजावर. त्याच्या घाईवर."

"आणखी?"

भिवजी पाण्याकडे बघत राहिला. मगरीने दोन ओंजळी मोजून दिल्या. "तिसरी ठेवलीये," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवजीने पाटा-वरवंटा दरबारात आणून आदळला. एका बाजूला शंखाचा पांढरा हरताळात घोटला, दुसऱ्या बाजूला शिशाचा. बोलणं जमेना म्हणून त्याने नुसतं बोट दाखवलं. दुपारपर्यंत शंखाचा गोळा पिवळाधमक राहिला. शिशाचा गोळा काळवंडला. दरबारात कुजबुज सुरू झाली. मग त्याने भिंतीवरचं काळं खरवडलं, शंखाचं अस्तर दिलं आणि पिवळा चढवला. बाहेर कोळशातून ज्वारी वर आली, निसवली, पिकली.

साळुंकी मात्र साळुंकीच राहिली.

भस्मदंत दात काढून हसला. "शेत झालं, पाखरू का सुटेना? इथे अजून काहीतरी झाकलेलं आहे, महाराज. तपासा या गड्याला!"

साळुंकी भिवजीच्या खांद्यावरून उडून पाट्यावर बसली. "भिवा, मी भिंतीपाशी होते. घोटत तू होतास. पहिल्या दिवशी पाट्यावर काय दिसलं तुला?"

तीन दिवस जो राग भिवजी भस्मदंताच्या नावाने, राजाच्या नावाने पाळत होता, तो फिरून त्याच्यावरच आला.

"काळी रेघ दिसली," तो म्हणाला. मग ओरडलाच, "काळी रेघ दिसली होती! दोन रंग जिथे मिसळले तिथे. मी फडक्याने पुसली. मोठी माणसं ठरवून बसलीत, आपण काय बोलायचं, म्हणून पुसली. या मांत्रिकाला रंगातलं काही कळत नाही, महाराजांना धीर नाही, आणि मला कळत होतं तरी मी गप्प बसलो. कोळसा झाला लोकांच्या पोटाचा!"

राजाने मुकुट काढून मांडीवर ठेवला. "घाई माझी होती," तो हळूच म्हणाला.

मगरीने मागितलेला तिसरा खरा शब्द बाहेर पडला होता. त्याच क्षणी साळुंकीची पिसं गळून पडली आणि पाट्यावर सगुणा बसलेली दिसली. भस्मदंताच्या कमंडलूतलं पाणी आटलं. राजाने त्याला शिक्षा दिली की राज्यात जिथे जिथे त्याचा सफेदा लागला आहे, तो स्वतःच्या हाताने खरवडून काढायचा.

भिवजी बहिणीच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

"फडक्याने पुसलीस?" ती म्हणाली. "आठ दिवस माझ्यासमोर येऊ नकोस. नवव्या दिवशी जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने भिवजीला बोलावून घेतलं. नदी आणि आमराया दसऱ्याच्या आत नव्याने रंगवायच्या, असं फर्मान होतं. सगळा दरबार बसलेला होता. भिवजी मधोमध उभा राहिला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नाही, महाराज. वर्ष लागेल." आणि शंख भाजायला निघून गेला.