पहिल्या हाकेला

“म्हाराज, येकच सांगा. माझा भाऊ जित्ता हाय का मेला?”

जमनपुरी गोसावी चुलीत काटकी सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

धुळा मठीच्या दारातच उभा होता. खांद्यावर घोंगडं, पायांत वहाणा, हातात कुऱ्हाड. साधूच्या दारात माणूस निदान कुऱ्हाड तरी खाली ठेवतो. धुळ्याला तेवढी सवड नव्हती.

दिवाळी सरताच त्याचा धाकटा भाऊ सोनबा चुकलेली म्हैस शोधायला रानात गेला. म्हैस आपण होऊन गोठ्यात आली. सोनबा आला नाही. ना रक्ताचा डाग, ना फाटकं धोतर. धडधाकट माणूस रानानं गिळला आणि ढेकरही दिली नाही. आता शिमगा तोंडावर आला होता.

“भावकी म्हनती, गवताचा पुतळा कर, अवसेला जाळ आन् मोकळा हो. त्याच्या बायकूचं कुंकू पुसायला समदी टपल्यात. तुमी ‘मेला’ म्हना, मी अग्नी देतो. ‘हाय’ म्हना, पुन्हा रानात शिरतो. मधलं काय नगं.”

“बस की.”

“बसाया आलो न्हाई.”

“शोधलंस त्याला?”

हा प्रश्न धुळ्याला फार झोंबला.

“शोधलंस म्हंजी? सारं रान पालथं घातलंय, म्हाराज! येक दरी सोडली न्हाई. कड्यावर चढायचं, बेंबीच्या देठापासनं हाक मारायची, की निघालं म्होरल्या कड्याला. माझी हाक ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर जाती. बहिरा असता तरी त्यानं ओ दिली असती.”

“मग नसेलच तो.”

“असं तुमी म्हनताय?”

“तू म्हणतोयस.”

धुळा संतापला. पायांचे तुकडे पडेपर्यंत चालत यायचं आणि आपलंच बोलणं परत ऐकायचं, तर घरीच काय वाईट होतं?

“कोड्यात बोलू नगा. माझ्या घरात त्याची बायकू ठकू अजून सोनबाच्या वाटणीची भाकरी थापती. रोज. ती शिळी भाकरी मला बगवत न्हाई, म्हाराज. तिला मी काय सांगू?”

गोसाव्यांनी चूल फुंकली.

“समजलं,” धुळा म्हणाला. “अवसेला जाळतो.”

आणि पाठ फिरवून चालू लागला.

मठीचं अंगण संपतं तिथंच रान सुरू होतं. धुळा झाडांत शिरला. उन्हं कलली होती. मागं वळून पाहिलं असतं तरी मठी दिसली नसती.

“धुळाऽऽ!”

तो जागच्या जागी थांबला. आवाज गोसाव्यांचा वाटला. पण रानात वाटतं ते असतंच असं नाही. त्यानं ओ दिली नाही, मान वळवली नाही.

“धुळाऽऽ!”

तो तसाच उभा.

“धुळाऽऽ!”

“ओऽऽ!” धुळा ओरडला आणि झपाझप माघारी आला.

गोसावी अंगणात उभे होते.

“आधीच्या दोन हाका ऐकू आल्या नाहीत?”

“आल्या की.”

“मग?”

“रानात पयल्या हाकंला ओ देत न्हाईत, म्हाराज. भुताला तिसरी हाक मारता येत न्हाई. तिसरी आली की समजायचं, मानूस हाय. आमच्या वाडीतलं शेंबडं पोर बी जानतंय.”

“सोनबा कुठल्या वाडीतला?”

धुळ्याचं तोंड उघडंच राहिलं…

मग धुळ्यानं कुऱ्हाड जमिनीवर ठेवली आणि तो मटकन खाली बसला.

“मीच शिकवलं त्याला,” तो म्हणाला. “ल्हानपनी पयल्या हाकंलाच धावायचा. कान पिळून शिकवलं.”

“आणि तू एका कड्यावर किती हाका मारल्यास?”

“येक… माझा आवाज मोठा म्हून.”

एवढ्या दांडग्या गड्याला रडू फुटलं. गोसाव्यांनी त्याला रडू दिलं.

“म्हाराज… आजून येक हाय. कुनाला सांगितलं न्हाई. पयल्याच दिशी, करवंदीच्या खिंडीत, मला हाक आली हुती. ‘दादा’ म्हून. येकदाच.”

“मग?”

धुळ्यानं मान खाली घातली.



धुळा उठला. डोळे पुसले, घोंगडं खांद्यावर घट्ट आवळलं.

“पुतळा जाळत न्हाई. भावकीनं वाळीत टाकलं तरी बेहत्तर. समदं रान पुन्हा धुंडाळतो. आता दर कड्यावर तीन हाका. कुठनं सुरू करू?”

“खिंडीतून.”

“बरं. तितं उभा ऱ्हातो आन् पयली हाक…”

“हाक नाही,” गोसावी म्हणाले. “आधी ओ दे.”